उचल आणि अनुदान



या व्याख्यानमालेत, आणि तेही बीडमध्ये, बोलायला मिळतंय याचं मला फार मोल आहे. मला विषय दिला तो असा: ‘अल्पभूधारक शेतकरी आणि मृद-जलसंधारणाच्या सरकारी योजना’. विषय ऐकला की योजनांची यादी आणि टक्केवारी डोळ्यांपुढे येते. थोडी टक्केवारी येईलच. पण सुरुवात मी आज दुपारी रस्त्यात जे पाहिलं त्यापासून करतो.

शिरूर कासारकडून येताना पुढे एक ट्रॅक्टर चालला होता. मागे दोन ट्रॉल्या. ऊसतोडीची टोळी. कारखान्यांचं गाळप सुरू झालंय, तेव्हा ही मागे राहिलेली टोळी असावी. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, गुंडाळलेली ताडपत्री, ज्वारीचं पोतं, दोन शेळ्या, आणि आईच्या मांडीवर झोपलेलं एक लेकरू. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं मोकळी होती. बाजरी, उडीद, सोयाबीन निघून गेलेलं. आणि त्या रानांतले बांध जागोजाग फुटलेले, २०२५च्या सप्टेंबरमधल्या पुरात फुटले तसेच उघडे.

बांध घालायचं काम रानात पडून आहे आणि ते करणारे हात ट्रॉलीत बसून जिल्ह्याबाहेर चाललेत. आज मला जे सांगायचंय ते सगळं एवढ्यात आलं. पुढचा तासभर मी फक्त हे असं का झालं, ते उलगडणार आहे.

आधी मातीबद्दल बोलू. पाण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. दुष्काळी जिल्हा म्हणून आपली ओळखच पाण्यावरून आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून. हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण माती गेली तर कुणाच्या लक्षात राहतं? मातीची रेल्वे कुठून आणणार?

एक साधा हिशोब करून बघा. एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर माती धुपली, म्हणजे नखाच्या जाडीएवढी, तर ती होते दहा घनमीटर. वजनानं तेरा टनांच्या आसपास. तीन-चार ट्रॉल्या भरून माती एका पावसाळ्यात रानातून निघून जाते आणि मालकाला कळतसुद्धा नाही, कारण ती नखाएवढीच गेलेली असते. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सिंदफणा नदीच्या काठानं जे झालं ते नखाएवढं नव्हतं. रानं खरडून गेली, खालचा मुरूम वर आला. सरकारनं अशा जमिनींसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम जाहीर केलं. मदत हवीच होती, ती जाहीर झाली हे चांगलं झालं. पण मंडळी, तीन लाख हा गेलेल्या मातीचा खर्च आहे. ती माती जागेवर राहावी म्हणून त्याच हेक्टरवर आधीच्या दहा वर्षांत आपण किती खर्च केला होता?

बांध कसा फुटतो, हे इथल्या तरुण मंडळींनी कदाचित जवळून पाहिलं नसेल. मी पाहिलंय. आमचं रान बालाघाटाच्या उतारावर, वर बरड आणि खाली थोडी काळी. पाच बांध, एकाखाली एक. वरून तिसऱ्या बांधाला उंदरानं बीळ केलं होतं. उन्हाळाभर ते कुणी पाहिलं नाही. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं आणि बिळातून खालच्या अंगाला बोटाएवढी धार सुरू झाली. बोटाएवढीच. वडील गावात होते, मी पोरगा रानात. ती धार मला मजेची वाटली. थोड्या वेळानं ती मनगटाएवढी झाली. तिच्याबरोबर माती येऊ लागली, पाणी गढूळ झालं. मग वरची माती एकदम खाली बसली आणि चार हात रुंद खिंडार पडलं. तिसऱ्या बांधाचं सगळं पाणी चौथ्यावर आलं. चौथा धड होता, सांडव्याचे दगडही जागेवर होते. पण दोन बांधांचं पाणी त्याला पेलवलं नाही. तो गेला, मग पाचवा गेला. संध्याकाळी वडील आले तेव्हा रानाच्या मधोमध ओघळ पडलेली. बीळ बुजवायला काय लागलं असतं? दोन घमेली माती, चार लाथा, आणि बांधावरून एक फेरी मारणारा माणूस.

बांध एकदा घातला म्हणून कायमचा होत नाही. त्यावर दरवर्षी माती चढवावी लागते, सांडवा नीट करावा लागतो, वर मारवेल-पवन्याचं गवत टिकवावं लागतं, नांगराच्या प्रत्येक फेरीला दोन्हीकडून वीतभर कोरला जातो तो थांबवावा लागतो. आणि हे करायचं कधी? रान मोकळं झाल्यावर, मातीत ओल असताना. कार्तिकापासून माघापर्यंत. तेव्हा घातलेली माती दबते, बसते. वैशाखात ढेकळं फोडून घातलेला बांध भुसभुशीत राहतो आणि पहिल्याच पावसात वाहून जातो. म्हणजे बांधाचे महिने ठरलेले आहेत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातला अल्पभूधारक कुठे असतो? कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या उसाच्या फडात. कर्नाटकात.

आता पैशाकडे येतो. सरकारनं या कामावर पैसा खर्च केला नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा १९४२ सालीच झाला. नगर-सोलापूरच्या दुष्काळी रानांत बांधबंदिस्ती सुरू झाली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. ते राज्य गेलं १९४८ला, मुंबई राज्यात आपण आलो १९५६ला. शेजारच्या तालुक्यात बांध पडले आणि आपल्याकडे पडले नाहीत, या वर्षांची थकबाकी अजून आपल्या रानांत दिसते.

मग आला १९७२चा दुष्काळ. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माझी आई त्यातली एक. पाझर तलावाच्या पाळीवर टोपल्यानं माती टाकत होती. कामावर मिळणाऱ्या सुकडीचा वास तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत होता. त्या काळात या जिल्ह्यात झालेले कितीतरी पाझर तलाव आजही उभे आहेत, गाळानं भरलेले, पण उभे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून पाहिला होता. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ला झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. यातली एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. या योजनेसाठी, कायद्याच्याही आधी, १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबई-पुण्यात पगार घेणाऱ्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या पगारातून दरमहा रक्कम कापायची आणि ती दुष्काळी गावातल्या मातीच्या कामाला द्यायची. रानातली माती सगळ्या राज्याची आहे आणि ती राखण्याचा खर्च सगळ्यांनी उचलायचा, हे त्या करामागचं तत्त्व. जगात कमी ठिकाणी इतक्या स्पष्टपणे हे कुणी मान्य केलं असेल. आपल्या महाराष्ट्रानं केलं. याचा अभिमान बाळगा.

त्यानंतरच्या योजना भराभर सांगतो. १९८३पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम, १९९०ला रोजगार हमीतून फळबागा, १९९२ला आदर्श गाव, २००५चा केंद्राचा रोजगार हमी कायदा, २०१४च्या डिसेंबरपासून जलयुक्त शिवार, २०१६ला मागेल त्याला शेततळे, २०१८पासून पोकरा, म्हणजे जागतिक बँकेच्या कर्जातून चालणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. आपलं बीड त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या पंधरा जिल्ह्यांत होतं. स्वयंसेवी कामही झालं. अंबाजोगाईत द्वारकादास लोहियांनी १९८२ला ‘मानवलोक’ उभी केली. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ला पहिल्यांदा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यातला एक अंबाजोगाई. कष्टही कमी पडले नाहीत, पैसाही अगदीच कमी नव्हता. मग रानात आज फुटके बांध का दिसतात?

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण असं की पैसा घालायला आहे, राखायला नाही. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. महालेखापरीक्षकांनी २०२०च्या अहवालात ज्या सहा जिल्ह्यांतली कामं तपासली त्यांत बीडही होता. त्यावर राजकारण पुष्कळ झालं, मी त्यात पडत नाही. त्या अहवालातली एकच बाब मला महत्त्वाची वाटते: केलेल्या कामांच्या देखभालीसाठी गावांनी निधी उभा करायचा होता, तो उभा राहिला नाही. कसा राहील? ज्या गावातली निम्मी घरं सहा महिने कुलूपबंद, त्या गावानं वर्गणी कुणाकडून घ्यायची? नव्या कामाला अंदाजपत्रक असतं, उद्घाटन असतं, फलक असतो. बीळ बुजवण्याला यातलं काहीच नसतं. मोजमाप वहीत त्याला रकानाच नाही.

या अडचणीवर आपण एक सोपा उपाय काढला, जेसीबी आणि पोकलेन. माणसं नाहीत ना? मग यंत्र आणा. नाला खोल करा, रुंद करा, घनमीटर मोजा, बिल काढा. नाला खोलीकरण सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी विहिरींना पाणी वाढलंय, मी पाहिलंय. पण पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं, हे शाळेतल्या पोरालाही आता पाठ आहे. आपण यंत्र पायथ्याला लावलं, कारण यंत्र तिथेच चालतं. माथ्यावरच्या दीड एकराच्या तुकड्यात, दोन भावांच्या बांधावर, ते वळतसुद्धा नाही. तिथे फावडंच लागतं. माथ्यावरून सुटलेली माती मग त्याच खोल केलेल्या नाल्यात येऊन बसते, आणि आपण गाळ काढण्याची पुढची योजना आणतो.

या तुकड्यांबद्दल थोडं विषयांतर करतो, क्षमा करा. १९७०-७१ला महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ला ते १.३४ झालं. हे सगळे सांगतात. पण वाटणी कशी होते, ते फार कुणी पाहत नाही. तीन भाऊ वाटून घेतात तेव्हा प्रत्येकाला थोडं वरचं बरड आणि थोडं खालचं काळं मिळावं, म्हणून रान उभं कापतात, उताराच्या दिशेनं. न्याय म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण मग त्या चिंचोळ्या पट्टीत औत आडवं फिरत नाही. नांगरट उभी, पेरणी उभी, आणि प्रत्येक तास पाण्याला खाली जायची वाट होतो. जुने आडवे बांध या नव्या उभ्या धुऱ्यांनी तोडले जातात. योजना मात्र सातबाऱ्याला विचारते, ज्याचा अर्ज त्याचं काम. वरच्यानं अर्ज केला नाही तर खालच्याचा बांध कसा टिकणार? पाणी आठ-अ बघून वाहत नाही. आणि ज्या बाईनं मागे राहून हे रान सांभाळलं, तिचं नाव तर बहुतेक सातबाऱ्यावर नसतंच. ती अर्जही करू शकत नाही.

दुसरं कारण: पैसा नंतर मिळतो. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान आहे. पोकराच्या पहिल्या टप्प्यात दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला बहुतेक बाबींना ७५ टक्के होतं. कागदावर याहून उदार काय असू शकतं? पण समजा लाखाचं काम आहे. आधी अर्ज, निवड, पूर्वसंमती. मग लाख रुपये स्वतः घालायचे. पावत्या चढवायच्या, पाहणी व्हायची, मग ८० हजार खात्यात. कधी? माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याचे पुढच्या पावसाळ्यात आले. ज्याच्याकडे लाख रुपये आधीच आहेत त्याला हे अनुदान मिळतं. ज्याच्याकडे नाहीत तो सावकाराकडे जातो किंवा अर्जच करत नाही. म्हणून दोन एकरवाल्यासाठी काढलेली योजना दहा एकरवाल्याच्या शिवारात दिसते. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्याकडे भांडवल होतं.

आता याच्या शेजारी दुसरा पैसा ठेवा. ऊसतोड टोळीच्या मुकादमाची उचल. आषाढ-श्रावणात, पेरणी होऊन घर रिकामं झालेलं असतं, पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात, तेव्हा मुकादम दारात येतो. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, लाखाच्या घरात किंवा त्याहून जास्त रक्कम तो रोख देतो. अर्ज नाही, पूर्वसंमती नाही. ती उचल पुढे माणसाला किती बांधून टाकते, फिटली नाही तर काय काय सोसावं लागतं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. ती व्यवस्था चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी आपल्या एकाही संधारण योजनेत नाही. सरकार नंतर देतं, मुकादम आधी देतो. म्हणून आपल्या माणसाचे सहा महिने मुकादमाला मिळतात आणि रानाला मिळत नाहीत.

तिसरं कारण महिन्यांचं, ते मी आधीच सांगून टाकलं. त्याला फक्त आकडा जोडतो. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ला दिवसाला ३१२ रुपये होती. केंद्राच्या २००५च्या कायद्याची हमी घराला शंभर दिवसांची होती, म्हणजे ३१ हजार २०० रुपये. त्यापुढचे दिवस राज्यानं आपल्या खर्चानं द्यायचे, ही महाराष्ट्राची जुनी हमी आहे. पण काम कधी निघेल, हजेरीपत्रक कधी निघेल, हे श्रावणात कुणी सांगत नाही. घर चालवणारी बाई एकीकडे हातात आलेला लाख आणि दुसरीकडे निघालं तर निघेल अशा कामाचे एकतीस हजार, यातलं काय निवडेल? तुम्ही काय निवडाल?

मग काय करायचं? मी अर्थतज्ज्ञ नाही, पण मागणी नेमकी करतो.

संधारणाच्या प्रत्येक कामाबरोबर दहा वर्षांच्या निगराणीचा पैसा बाजूला काढावा आणि तो बांध राखणाऱ्या घराला दरवर्षी द्यावा. ही काही अद्भुत कल्पना नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात धुळीची वादळं होऊन मध्यभागातली शेती उडून गेली, तेव्हा १९३५ला त्यांनी माती संवर्धनाचं वेगळं खातंच उघडलं. १९८५पासून तिथे धुपणारी जमीन गवताखाली ठेवल्याबद्दल शेतकऱ्याला दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने दरवर्षी भाडं मिळतं. तिथली शेतं मोठी, आपली चिमुकली, त्यांचं जसंच्या तसं इथे चालणार नाही. आपल्याकडे जमीन पडीक ठेवणं परवडत नाही. पण राखण्याचे पैसे द्यायचे आणि पुष्कळ वर्षं द्यायचे, एवढं तरी घेता येईल.

दुसरी मागणी, पहिला हप्ता आधी द्या. मी हे जिथे जिथे बोललो तिथे उत्तर आलं, ‘आधी दिले तर खाऊन टाकतील.’ हे मला सहन होत नाही. घरकुलाचा पहिला हप्ता घर उभं राहायच्या आधी खात्यात येतो, आणि गावोगाव घरकुलं उभी आहेत. २०१९पासून किसान सन्मानचे दोन-दोन हजार कुठलीही पावती न मागता येतात. मग बांधाच्या कामालाच अविश्वास कशासाठी? ज्या माणसावर मुकादम लाखभर रुपयांचा भरवसा ठेवतो, त्याच्यावर त्याच्याच सरकारनं पंधरा-वीस हजारांचा ठेवू नये? काही पैसे बुडतील, मान्य करू. नाला खोलीकरणात किती बुडाले, याचा हिशोब आपण कधी असा आधी मागितला होता का?

आणि तिसरी मागणी आपल्याकडून, म्हणजे गावाकडून. इथे शिक्षक बसलेत, ग्रामरोजगार सेवक बसलेत, दोन-तीन सरपंच मला ओळखीचे दिसतायत. पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, तोपर्यंत उचल घेऊन झालेली असते. १५ ऑगस्टची सभा धरा. त्याआधी आठ दिवस शाळेतली वरच्या वर्गातली पोरं आणि दोन जाणती माणसं घेऊन शिवार फिरा. गट नंबरनिहाय लिहा: कुठला बांध कुठे खचला, कुठल्या सांडव्याचे दगड निघाले, कुठे बीळ आहे. ज्या घरात सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे, तिथे रान सांभाळणाऱ्या बाईचं नाव शेजारी लिहा. ती यादी सभेत वाचून दाखवा, ठराव करा, आणि काम कार्तिकात सुरू होणार, असं तारखेसकट लिहून मागा. तारीख लिहून आली तर दहातली दोन घरं तरी थांबतील. मला दोन पुरेशी वाटतात. वरच्या बांधावरची दोन घरं थांबली तर खालच्या आठांचं रान वाचतं.

आज दुपारी मी त्या टोळीतल्या एका बाबांशी चहाच्या टपरीवर बोललो. चार एकर, सगळी उतारावर. पुरात तीन बांध गेले. मी विचारलं, परत आल्यावर घालणार ना? ते म्हणाले, चैतात येऊ, तवा माती दगडावानी असती. आत्ता ओल हाय. आत्ताच घालाया पायजे. एवढं बोलून ते ट्रॉलीत चढले. जाताना त्यांनी विचारलं, यादी-बिदी कधी करणार? मी म्हटलं, श्रावणात. तेव्हा आम्ही घरीच असतो, ते म्हणाले.